वाटेवर सोडलेला हरकारा

दामोदर मास्तरांना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. जव्हार संस्थानाने मोखाड्याच्या शाळेला एक वेताची खुर्ची दिली होती, ती मास्तरांच्या कारकिर्दीत नवीच्या नवी राहिली. शिकवताना ते फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालायचे, जेवताना एक पाय पाटावरून उतरलेला असायचा, आणि देवळात आरती चालू असताना अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या वहाणांकडे. वडील जव्हारच्या कचेरीत कारकून. मुलानेही कानाला लेखणी लावून गादीवर बसावं असं त्यांच्या मनात फार होतं, पण गादीवर बसायला आधी बसता यावं लागतं. तेव्हा मुलगा मास्तर झाला आणि डोंगर चढून मोखाड्याला आला.

या माणसाला जागेवर खिळवून ठेवायची ताकद एकाच वस्तूत होती, ती म्हणजे छापील गोष्ट. मुंबईहून त्यांच्याकडे एक मासिक यायचं. आगगाडी, बैलगाडी आणि टपालवाल्याचा खांदा असा प्रवास करून ते मोखाड्यात पोचायचं तेव्हा पुढचा अंक तिकडे छापून झालेला असायचा. वाचून झालं की मास्तर गोष्ट उसवायला घ्यायचे. दिवा वाऱ्याने मालवला की लेखकाने? म्हातारीला बहिरी का केली? चुलीपुढे भाकरी थापत त्यांची बायको शांताबाई हे सगळं ऐकायच्या. "लेखकाने सांगितलं ते कुणालाही दिसतं, त्याने गाळलं काय ते बघावं," हे मास्तरांचं पालुपद. एकदा शांताबाई म्हणाल्या, "आज मी आमटीत मीठ गाळलंय. जेवण उरकत आलं, तुम्हाला अजून दिसलं नाही." मास्तर हसले आणि तशीच आमटी ओरपून उठले.

ही हकीकत घडली त्या साली शांताबाईंना दिवस गेले होते. मागल्या खेपेला आठव्या महिन्यात मूल गेलं होतं, त्यामुळे या खेपेला त्यांच्या आईने त्र्यंबकहून बजावून सांगितलं होतं की लेकीला वेळेत माहेरी आणायचीच. आणायला येणार होता धाकटा भाऊ उत्तम. कोजागिरी झाली की निघतो, पायी घाट उतरतो आणि मोखाड्यात गाडी ठरवून ताईला घेऊन जातो, असा त्याचा निरोप मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर आला होता. शांताबाईंनी लुगडी घड्या करून ठेवली.

कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी मासिकाचा अंक आला, आणि मास्तरांनी तो थेट वर्गात नेला. वर्ग म्हणजे काही वाण्या-कारकुनांची पोरं आणि काही आसपासच्या पाड्यांवरची. त्यात लहान्या नावाचा एकजण होता. तो नावालाच लहान. त्याला मिसरूड फुटलं होतं, आदल्या साली लग्न झालं होतं, आणि दोन वर्षं त्याचा एकाच इयत्तेत मुक्काम होता. पण गोष्ट ऐकायला बसला की त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

मास्तरांनी गोष्ट वाचली. डाकेचा एक हरकारा संध्याकाळच्या सुमाराला भाला घेऊन घरातून निघतो. भाल्याला घुंगरं बांधलेली. निघताना तो दोनदा मागे वळून दाराकडे बघतो. रान लागतं. ओढ्यापाशी त्याच्या वहाणेचा अंगठा तुटतो. पलीकडे दरीवर गिधाडं फिरत असतात. आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला एका घरात त्याची बहीण दार उघडं ठेवून बसलेली असते. तिला लांबून घुंगरं ऐकू येतात. आणखी जवळ येतात. मग घुंगरं थांबतात.

"पुढे चालू," मास्तरांनी वाचलं आणि अंक मिटला.

मग त्यांनी गोष्ट फळ्यावर आडवी घातली. अंगठा का तुटला? उगाच नव्हे. कसलेला लेखक उगाच काही तोडत नाही, पुढे काय होणार त्याची ती चाहूल असते, तिला पूर्वसूचना म्हणतात. गिधाडं का? तीही तशीच. मागे वळून दोनदा का बघितलं? एकदा बघितलं असतं तर सवय, दोनदा बघितलं म्हणजे मनात काही आहे, ते लेखकाने गाळलं. वाघ कुठे दाखवलाय का? नाही ना? मग भीती कशाची वाटली तुम्हाला? न दाखवलेल्याची. मास्तर रंगात आले होते, येरझारांनी जमिनीच्या शेणाचे पापुद्रे निघाले.

"आता सांगा, गोष्ट कोणाची?"

"हरकाऱ्याची," पोरं म्हणाली.

"चूक. गोष्ट त्या बहिणीची. तो चालतोय, त्याला त्याची वाट दिसतेय. तिला काहीच दिसत नाही, नुसतं ऐकू येतंय. सगळी गोष्ट वाट पाहण्याची आहे."

लहान्याने विचारलं, "मंग काय झाला त्याचा? तू सांग ना, मास्तर."

इथल्या बोलीत अहो-जाहो नाही, राजालाही तूच म्हणतात, त्यामुळे मास्तरांनाही तूच. पहिल्यांदा ते मास्तरांना टोचलं होतं, आता त्यांना त्याचं काही वाटत नसे. ते खूश होऊन म्हणाले, "हेच! ‘मग काय झालं’ असं तुला वाटतंय ना, यालाच उत्कंठा म्हणतात. पुढचा अंक येईल तेव्हा कळेल. तोवर डोकं चालवा."

"म्हणजे तवर तो वाटंवरच राहल?" लहान्याने विचारलं. पाड्यावरची पोरं एकमेकांकडे बघू लागली. मास्तरांना वाटलं, धडा बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरचं एकही पोर आलं नाही. नागली कापणीला आली होती, तेव्हा मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. खरी गोष्ट शांताबाईंना पोशीकडून कळली. पोशी म्हणजे लहान्याची आई. ती शांताबाईंकडे लाकूडफाटा आणून टाकायची आणि दोघी पायरीवर बसून गप्पा मारायच्या. पोशीच्या पाड्यावर गोष्ट सांगायची एक रीत होती. झोप आली, पाहुणा आला, काही झालं तरी गोष्ट अर्ध्यात सोडायची तर आधी गोष्टीतल्या माणसाला कोणाच्या तरी घरात न्यायचं, चुलीजवळ बसवायचं, त्याला पेज द्यायची. मग खुशाल निजा. त्याला उघड्या वाटेवर सोडून उठायचं नाही. सोडलाच, तर सांगणाऱ्याच्या घरचा माणूस वाट चुकतो.

"मास्तरला सांग, त्याला घरां ने," पोशी म्हणाली. "काय कठीण हाय त्यात?"

शांताबाई त्र्यंबकसारख्या गावच्या, चार पोथ्या वाचलेल्या. त्यांनी हे हसण्यावारी नेलं. नवऱ्याला सांगितलं तेही हसतच.

पण उत्तम आला नाही. उद्या येईल, परवा येईल असं करता करता चंद्र झिजून निम्म्याहून लहान झाला, तरी आला नाही. मास्तर दिवसातून दहादा रस्त्यावर जाऊन उभे राहू लागले. शाळेत पाढे घेतानाही त्यांचे कान बाहेर. कोणाच्या बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली तरी ते दारात. एका रविवारी पहाटेच निघून ते घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. मोठ्या रस्त्यावरच्या सगळ्यांना विचारलं, गाडीवानांना विचारलं, पाणपोईवरच्या म्हातारीला विचारलं. असा जवान कोणी बघितला नव्हता. घरी अवघडलेली बाई एकटी, म्हणून दिवस बुडायच्या आत परत फिरावं लागलं. परतताना ते जवळजवळ पळतच होते. त्र्यंबकला निरोप धाडावा तर तिकडच्या आईच्या जिवाला घोर, न धाडावा तर इकडे जीव टांगणीला.

आता शांताबाई हसत नव्हत्या. एका संध्याकाळी म्हणाल्या, "अहो, त्या हरकाऱ्याला एकदा घरात न्या."

"तूसुद्धा?" मास्तर भडकले. "गोष्ट आहे ती, करणी-भानामती नाही. आणि शेवट माझ्याकडे नाही. दुसऱ्याच्या गोष्टीला मी शेपूट चिकटवू? त्याने ज्या सूचना पेरल्या आहेत त्या सगळ्या एकाच बाजूला बोट दाखवतायत. तो माणूस मरणार आहे, शांता. पहिल्या पानापासून ठरलंय ते."

बोलून गेले आणि त्यांना स्वतःच्या जिभेचा राग आला. शांताबाई उठून आत गेल्या. त्या रात्री दोघं जेवली नाहीत.

सकाळी मास्तर पोशीच्या दारात गेले. सगळ्या पाड्याला सांग, म्हणाले, आज दिवेलागणीला शाळेच्या ओसरीवर या, गोष्ट पुरी करतो. त्यांचा विश्वास बसला होता असं नाही. पण बायकोच्या जिवाला तेवढंच बरं वाटत असेल तर चार वाक्यांनी आपलं काय जातंय, असा त्यांनी हिशेब केला. दिवसभर ते मनातल्या मनात त्या हरकाऱ्याला घरी आणत होते आणि तो काही केल्या येत नव्हता.

दुपारी शाळा सुटल्यावर फागू आला. घाटाखाली, मोठ्या रस्त्यापासून आत पाड्यावर राहणारा, तिशीतला माणूस. हातात एक छत्री आणि काखेत गाठोडं. मास्तरांनी छत्री ओळखली, उत्तमची.

फागूने उभ्या उभ्याच सांगितलं. तो रानात गुरं बघायला गेला होता, तेव्हा ओढ्याजवळ हा पडलेला दिसला. अंग तव्यासारखं तापलेलं. जवळच्या वाटेने जायला म्हणून मोठा रस्ता सोडला आणि रानात वाट चुकला, एवढं त्याच्या बोलण्यातून कळलं. फागूने त्याला पाठीवर घेऊन घरी आणला. भगताला बोलावलं, झाडपाला दिला. तो तापात बडबडायचा, घरून निघतानाच कसकस होती पण आईला बोललो नाही, म्हणायचा. ताईचं नाव घ्यायचा. ताईचं गाव कुठलं ते शेवटी कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

"आमी नेला ओढ्यावर, लाकडां घातली," फागू म्हणाला. "पन वाटंवर नाय मेला तो, मास्तर. घरांत होता. माझी आईस जवळ होती."

मास्तरांनी छत्री आणि गाठोडं शाळेत फळ्यामागे ठेवलं. फागूला पाणी दिलं, गूळ दिला, आणि हात जोडून सांगितलं की आज गावात कुणाला बोलू नकोस. शांताबाईंचा आठवा सुरू होत होता. बाळंतपण पार पडेपर्यंत हे पोटात ठेवायचं, असं त्यांनी त्या घटकेला ठरवलं. उत्तम तिकडेच काही कामात अडकला असेल म्हणू, माणूस पाठवलाय म्हणू. गोष्टीत लेखक एवढं लपवतात, मग आपल्याला एक गोष्ट लपवता येऊ नये?

इथे एक सांगून टाकतो, कारण लोकांना टांगून ठेवण्यात मला मास्तरांसारखी गोडी नाही. बाळंतपण पुढे नीट झालं, मोखाड्यातच, पोशीच्या हातावर. मुलगी झाली आणि ती चांगली सत्तर वर्षं जगली. तेव्हा त्या पोराची काळजी सोडा. त्या संध्याकाळची काळजी करा.

दिवा लागला तेव्हा ओसरी भरली होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पुढे पोरं. शांताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. गोष्टीला हुंकार देणारा एक माणूस लागतो, तो मान पोशीने त्यांनाच दिला. मास्तर उभे राहिले.

"घुंगरं थांबली," त्यांनी सुरुवात केली.

"हूं," शांताबाई म्हणाल्या.

"पण हरकारा सुखरूप होता. थोडा दम खाऊन तो पुन्हा निघाला आणि बहिणीच्या घरी पोचला."

शांताबाईंनी हुंकार दिला, पण ओसरीवर चुळबुळ झाली. लहान्या उठून उभा राहिला. "असा नाय, मास्तर. वहाणंचा अंगठा तुटला त्याचा काय झाला? तूच सांगतलास, लेखक उगाच काय नाय तोडत."

"त्याने तो शिवून घेतला."

"रानात कोन शिवून दिल? आनि गिधाडां? तीं कोनावर फिरत होतीं?"

पोरांनी माना डोलावल्या. धडा खरंच बसला होता. असा वर्ग मिळावा म्हणून मास्तर देवाला नवस बोलले असते, आणि आज त्यांना वाटलं की यांना काहीच शिकवलं नसतं तर किती बरं झालं असतं. त्यांनी शांताबाईंकडे बघायचं टाळलं. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे केली. मग ते खाली जमिनीवर बसले. मास्तरांना असं मांडी घालून बसलेलं मोखाड्याने कधी बघितलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "नीट सांगतो. अंगठा तुटला म्हणून तो अनवाणी चालायला लागला. पाय ठेचाळले. म्हणून त्याने मोठी वाट सोडली आणि जवळची धरली. ती त्याला माहीत नव्हती."

"हूं."

"गिधाडं मेलेल्या गुरावर होती. लेखकाने आपल्याला तिकडे बघायला लावलं आणि फसवलं."

"फसवलान," लहान्या म्हणाला आणि खाली बसला. हे त्याला पटलं. मग बसल्या बसल्या त्याने शेवटचं विचारलं, "मंग दोनदा मांगं कां बघलान?"

 याचं उत्तर त्यांच्याकडे दुपारपासून होतं.

"त्याला घरून निघतानाच ताप होता. अंगात कसकस होती. आईला बोलला असता तर आईने निघू दिलं नसतं, आणि बहीण तिकडे वाट बघत होती. म्हणून तो दाराकडे बघून घेऊन निघाला."

हुंकार यायला वेळ लागला. आला तो अगदी हळू.

"आणि घुंगरं थांबली, कारण तो ओढ्याजवळ पडला होता आणि एका माणसाने त्याला बघितलं. त्या माणसाने भाला बाजूला ठेवला आणि त्याला पाठीवर घेतला. म्हणून घुंगरं वाजेनात. त्याने त्याला आपल्या घरात नेलं. चुलीजवळ निजवलं. त्या माणसाच्या आईने त्याला पेज दिली." मास्तर म्हणाले, "झाली गोष्ट."

ओसरीवर सगळ्यांनी श्वास सोडला. "घरां पोचला," पोशी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. कोणी विडीसाठी विस्तव शोधायला लागलं, पोरं खाली उतरली. लहान्या तर हसत होता. चाहुली सगळ्या जागच्या जागी बसल्या होत्या.

शांताबाई हलल्या नाहीत. त्यांनी शेवटचा हुंकार दिला नव्हता. खांबाला टेकून त्या नवऱ्याकडे बघत होत्या. चुलीपुढे इतकी वर्षं गोष्टी उसवताना ऐकलेली बाई ती.

"आणि मग तो उठला का?" त्यांनी विचारलं.

उठलेली माणसं होती तिथे थांबली. मास्तरांनी तोंड उघडलं. एक शब्द बोलायचा होता, ‘उठला’. सगळ्या रचलेल्या गोष्टींत त्याहून सोपा शब्द नसेल. तो त्यांना बोलता आला नाही.

"नाही," ते म्हणाले.

"कोणाच्या घरी होता?"

"घाटाखाली पाडा आहे. फागू म्हणून आहे, त्याच्या. तो आला होता दुपारी."

"पेज घेतली का त्याने?"

"घेतली. थोडी थोडी घ्यायचा म्हणाला. फागूची आई जवळ बसायची."

शांताबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. त्यांचं लक्ष आता ओसरीवर कुणाकडेच नव्हतं.

"आई तिकडे आम्हा दोघांची वाट बघत असेल," त्या म्हणाल्या. "भाजणी करून ठेवली असेल तिने." मग त्यांना रडू आलं. पोशी त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि मास्तर आपल्या जागी बसून राहिले.